खिशातला खेळ आणि दोन परवाने

होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत मढीला कानिफनाथांची यात्रा भरते. तिसगावहून मढी जवळच, त्यामुळे पाथर्डी तालुक्याच्या या पट्ट्यात खेळणं घ्यायचं तर यात्रेत, हा ठरलेला रिवाज. नव्वदच्या दशकात पिपाण्या, भिंगऱ्या आणि पत्र्याच्या गाड्यांच्या रांगेत एक नवी वस्तू येऊन बसली. हातात मावेल एवढं प्लास्टिकचं यंत्र, वर करड्या काचेची खिडकी, खाली बटणं, पाठीमागे सेल. खोक्यावर छापलेलं असायचं ‘९९९९ इन १’. पोरं त्याला ब्रिक गेम म्हणायची. आत खरे खेळ थोडेच, बाकीचा आकडा त्याच खेळांचे वेग आणि पातळ्या बदलून फुगवलेला. त्यातला मुख्य खेळ मात्र सगळ्यांच्या ओळखीचा: वरून विटा पडतात, त्या फिरवून बसवायच्या, ओळ भरली की ती नाहीशी होते.

हा खेळ म्हणजे टेट्रिस. खोक्यावर ते नाव सहसा नसायचं, कारण ते छापायचा हक्क बनवणाऱ्याकडे नसायचा. खिशात मावणाऱ्या यंत्रावर टेट्रिस कोणी विकायचा, हा प्रश्न त्याआधीच, १९८९ साली, मॉस्कोत निकाली निघाला होता. हातातल्या कन्सोलसाठी परवान्याचा खेळ बनवणं म्हणजे काय, हे समजून घ्यायला याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

अलेक्सेई पाजितनोव मॉस्कोतल्या सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करायचा. १९८४ साली त्याने इलेक्ट्रोनिका ६० नावाच्या संगणकावर टेट्रिस लिहिला. त्या यंत्राला चित्रं काढता येत नव्हती, म्हणून विटा कंसांच्या चिन्हांनी दाखवल्या होत्या. खेळ हातोहात पसरला, देशाबाहेर गेला आणि मग हक्कांचा गोंधळ सुरू झाला. संगणकासाठीचा हक्क एकाने घेतला, त्याने तो दुसऱ्याला दिला, दुसऱ्याने तिसऱ्याला विकला, आणि वाटेत प्रत्येकाने मूळ कागदात नसलेलं काहीतरी आपलं म्हणून पुढे विकलं. सोव्हिएत सरकारच्या वतीने सॉफ्टवेअर विकणारी संस्था होती एलोर्ग. फेब्रुवारी १९८९ मध्ये हेंक रॉजर्स हा जपानमध्ये राहणारा डच माणूस पर्यटक व्हिसावर मॉस्कोत उतरला आणि आगाऊ वेळ न घेता थेट एलोर्गच्या दारात गेला. त्याला हवा होता फक्त हातात धरायच्या यंत्रांचा हक्क, कारण निन्टेन्डोचा गेम बॉय त्याच वर्षी बाजारात येणार होता. त्याच दिवसांत आणखी दोन पक्ष मॉस्कोत याच खेळासाठी बोलणी करत होते. हातातल्या यंत्राचा हक्क तोवर कोणालाच दिलेला नव्हता. तो रॉजर्सला मिळाला.

घरच्या टीव्हीला जोडायच्या कन्सोलचा हक्क पुढच्याच महिन्यात निन्टेन्डोने स्वतः घेतला. अटारी गेम्सच्या टेन्जेन या शाखेने निन्टेन्डोच्या घरगुती कन्सोलसाठी आपला टेट्रिस बाजारात आणला. अमेरिकी न्यायालयाच्या आदेशानंतर तो दुकानांतून उचलावा लागला. खेळ तोच, विटा त्याच. कागदावर कोणत्या यंत्राचं नाव लिहिलंय, एवढ्यावर सगळं ठरलं. गेम बॉयवरच्या टेट्रिसच्या साडेतीन कोटींच्या आसपास प्रती खपल्या.

हे झालं खेळाच्या मालकाचं. दुसरा परवाना लागतो यंत्राच्या मालकाचा, आणि तो कागदावर तर असतोच, पण यंत्राच्या पोटातही बसवलेला असतो. गेम बॉयचं बटण सरकवलं की पडद्यावर वरून ‘निन्टेन्डो’ ही अक्षरं सावकाश खाली उतरतात आणि टिंग असा आवाज होतो. पाहणाऱ्याला ती शोभा वाटते, पण ती खरं तर झडती असते. प्रत्येक कार्ट्रिजमध्ये, आपल्याकडची पोरं जिला कॅसेट म्हणायची तिच्यात, ठरलेल्या जागी त्या अक्षरांचं चित्र ४८ बाइटमध्ये साठवलेलं असावं लागतं. यंत्राच्या आत अवघ्या २५६ बाइटचा एक छोटा प्रोग्राम असतो. तो कॅसेटमधलं चित्र वाचतो, पडद्यावर उतरवतो आणि स्वतःजवळच्या नमुन्याशी ताडून पाहतो. एक बाइट जरी वेगळा निघाला तरी यंत्र तिथेच थांबतं.

यातली मेख कायद्याची आहे. कोणी विनापरवाना कॅसेट बनवायची ठरवली तर तिच्यात हे चित्र टाकावंच लागणार, आणि टाकलं की दुसऱ्याचा ट्रेडमार्क वापरल्याचा पुरावा त्यानेच पडद्यावर झळकवला. युक्ती हुशारीची होती, पण न्यायालयात ती पुरेशी ठरेलच असं नव्हतं. सेगाने आपल्या घरगुती कन्सोलवर अशीच सोय केली होती आणि अकोलेड कंपनीवर दावा लावला होता. १९९२ साली अमेरिकेच्या अपील न्यायालयाने अकोलेडच्या बाजूने कौल दिला. यंत्र सुरू करायला दुसरा मार्गच ठेवला नसेल, तर नाव झळकल्याचा दोष अकोलेडवर टाकता येत नाही, असा त्याचा आशय. तरीही बहुतेक कंपन्यांनी रीतसर परवान्याचीच वाट धरली, कारण परवान्यासोबत विकासाचं यंत्र, तांत्रिक कागदपत्रं, कॅसेट छापून मिळण्याची सोय आणि दुकानातली जागा हे सगळं येतं.

परवाना मिळाल्यावरही तयार खेळ यंत्राच्या मालकाकडे तपासणीला जातो. तिथे खेळ रंजक आहे का हे फारसं कोणी विचारत नाही. सेव्ह चालू असताना सेल उतरले तर काय होतं? मधेच मेमरी कार्ड उपसलं तर? यंत्र झोपवून परत उठवलं तर खेळ जिथल्या तिथे सापडतो का? बटणांची नावं ठरलेल्या शब्दांतच लिहिलीत का? एखादी गोष्ट चुकली की खेळ परत येतो, आणि पुन्हा रांगेत लागण्यात आठवडे जातात. हातातल्या यंत्राला ही तपासणी जास्त कडक लागते, कारण ते बसमध्ये खेळलं जातं, गचका बसून हातातून पडतं, मधेच कोणी हाक मारली म्हणून बंद केलं जातं.

चित्रपट किंवा कार्टूनवरून केलेला खेळ म्हटला की खेळांचे जाणकार नाक मुरडतात. त्यांचा अनुभव खोटा नाही, असे पुष्कळ खेळ वाईट निघाले आहेत. पण त्याचं खापर बनवणाऱ्यांच्या कुवतीवर फोडणं मला अन्यायाचं वाटतं. बहुतेक वेळा त्यांना मारलं ते तारखेने. अटारीचा ‘ई.टी.’ हा १९८२ चा खेळ या बाबतीत बदनाम आहे. स्पीलबर्गच्या चित्रपटाच्या हक्कांची बोलणी जुलैच्या अखेरपर्यंत लांबली, नाताळच्या बाजारात माल पोहोचलाच पाहिजे होता, आणि हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या एकट्या प्रोग्रामरच्या हातात साधारण पाच आठवडे उरले. चांगला खेळ व्हायला लागतात त्या महिन्यांची भरपाई कोणाचीही हुशारी करू शकत नाही.

वेळ मिळाला आणि माणसं जिद्दीची असली तर काय होतं, तेही पाहायला हवं. कार्तिक आणि गुहा बाला हे भारतीय वंशाचे दोन भाऊ शाळेत असतानाच न्यूयॉर्क राज्यात खेळ बनवायला लागले. त्यांची कंपनी म्हणजे व्हिकेरियस व्हिजन्स. २००१ साली गेम बॉय ॲडव्हान्स आला, तेव्हा त्यांनी त्यावर ‘टोनी हॉक्स प्रो स्केटर २’ आणला. मूळ खेळ मोठ्या कन्सोलवरचा, पूर्ण त्रिमितीय. इकडे पडदा २४० बाय १६० ठिपक्यांचा, आणि त्रिमितीय चित्र काढणारा कोणताही खास भाग यंत्रात नव्हता. त्यांनी मैदानं तिरकस वरून पाहिल्यासारखी सपाट चित्रांनी बांधली आणि त्यावर स्केट करणारा माणूस मात्र खराखुरा त्रिमितीय ठेवला, प्रोसेसरच्या बळावर हिशेब करून हलवलेला. उडी मारून हवेत गिरकी घेणाऱ्या शरीराचा डौल हा त्या खेळाचा प्राण होता. तो त्यांनी राखला आणि बाकीचं सोडून दिलं. काय सोडायचं हे कळणं, यातच या धंद्याचं सगळं कसब आहे.

हे कसब प्रत्यक्षात कसं चालतं हे पाहायला आपल्यातलाच एक नायक घेऊ. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे ऊर्फ फाफे, फुरसुंगीचा बनेश फेणे. समजा, त्याच्यावर मूळच्या गेम बॉयसाठी खेळ करायचा आहे. पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा आणि करड्या-हिरव्याच्या चार छटा. सगळं चित्र आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनांत बांधायचं, म्हणजे आडवे २० आणि उभे १८ चौकोन. (गेम बॉयच्या टेट्रिसमध्ये विटांच्या खड्ड्याची उंची १८ ओळी आहे ती यामुळेच, एक वीट एक चौकोन.) हलणाऱ्या आकृतीला यातली एक छटा पारदर्शक म्हणून द्यावी लागते, तेव्हा फाफेच्या वाट्याला तीनच येतात. उभा फाफे १६ बाय १६ ठिपक्यांत बसवायचा. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला हा प्रश्न लगेच कळेल: ठिपके मोजून दिलेत, आता मोर ओळखू आला पाहिजे.

सहज सुचेल तो त्याचा चौकड्यांचा शर्ट. पण १६ उंचीच्या आकृतीत शर्टाला मिळतात सहा बाय पाच ठिपके. त्यात गडद-फिकट असे आळीपाळीने भरले तर चौकडा दिसत नाही, नुसता मळकट करडा दिसतो. त्या पडद्याची काचही मंद, फाफे धावायला लागला की सगळं एकमेकांत मिसळून जाईल. तेव्हा चौकडे ठेवायचे संवादाच्या वेळी येणाऱ्या मोठ्या चेहऱ्यापुरते. छोट्या आकृतीत राखायचे ते काटकुळे पाय आणि पुढे झुकलेली मान. हा पोरगा सतत कुठेतरी निघालेला आहे, हे त्या झुकण्यातून कळतं.

मग सायकल. सायकलसह फाफे साधारण ३२ बाय ३२ चा होतो. यंत्राची एक अट आहे: पडद्याच्या कोणत्याही एका आडव्या रेषेत आठ ठिपके रुंदीचे दहाच हलते तुकडे काढता येतात. सायकलवाल्या फाफेने त्यातले चार खाल्ले. उरले सहा. १६ रुंदीच्या एका गुंडाला दोन लागतात, म्हणजे त्याच उंचीवर तीन गुंड मावतात, आणि चौथा आला की कोणाचातरी तुकडा पडद्यावरून गायब होतो. त्यामुळे पाठलागाचा प्रसंग लिहिणाऱ्याने गुंड तीनच ठेवायचे, किंवा चौथ्याला गच्चीवर चढवायचं. गोष्टीतली माणसं मोजायचं काम इथे यंत्र करतं.

आणि त्याचा जिभेचा ‘ट्टॉक्’. त्याशिवाय फाफे नाही. गेम बॉयला आवाजाच्या चार वाटा आहेत, त्यातली एक नुसत्या खरखरीची, एरवी स्फोट आणि पावलांसाठी वापरतात ती. तिला क्षणभर उघडून लगेच मिटलं तर टाळूवर जीभ आपटल्यासारखा आवाज जमवता येतो. तो नेमका किती लांबीचा हवा यावर हक्काच्या मालकाशी बैठका होतील, आणि झाल्याच पाहिजेत. मोठ्या परवान्यांत या बैठकांसाठी जाडजूड पुस्तिका असतात: नायक कोणत्या बाजूने दाखवायचा, तो मार खातो का, शस्त्र उचलतो का, मरतो का. खेळात तीन जीव देणं ही सवयीची गोष्ट. पण फाफे मेला असं एखाद्या मुलाला पडद्यावर दाखवायचं का, हा प्रश्न प्रोग्रामरने एकट्याने सोडवायचा नाही.

फाफेचा खेळ झाला कल्पनेतला. मुंबई-हैदराबादेत हातातल्या कन्सोलचं काम प्रत्यक्ष झालं, ते सोनीच्या पीएसपीवर. २००९-१० च्या सुमारास सोनीने भारतीय स्टुडिओंकडून घरगुती पीएस२ आणि हातातल्या पीएसपीसाठी खेळ करून घ्यायला सुरुवात केली. हैदराबादच्या गेमशास्त्रने ‘देसी अड्डा’मध्ये कबड्डी, विटीदांडू, पतंग असे खेळ आणले. मुंबईच्या ट्राइन गेम्सने २०१० साली ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ केला. विषय निवडताना त्यांनी मोठी अडचण आधीच टाळली होती असं मला वाटतं. खऱ्या संघांचे आणि खेळाडूंचे परवाने हा क्रिकेटच्या खेळांचा जुना दुखरा भाग. ईएच्या ‘क्रिकेट ०७’ मध्ये इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया सोडले तर बाकीच्या संघांतल्या खेळाडूंना खोटी नावं घेऊन खेळावं लागलं, आणि आपल्या पोरांनी ती हाताने बदलून घेतली. गल्लीतल्या क्रिकेटला कोणत्याच मंडळाचा परवाना लागत नाही.

पीएस२ आणि पीएसपी या दोन्ही यंत्रांवर एकच खेळ आणणं वरवर सोपं दिसतं. मुख्य मेमरी दोन्हीकडे ३२ मेगाबाइट. पण पीएसपीवर त्यातली साधारण २४ मेगाबाइटच खेळाला मिळायची. पीएस२ च्या कंट्रोलरला दोन काड्या आणि वर चार बटणं, पीएसपीला एक छोटी सरकती चकती आणि वर दोनच बटणं. फलंदाजाने फटक्याची दिशा एका अंगठ्याने आणि पायांची हालचाल दुसऱ्याने ठरवायची असेल, तर पीएसपीवर सगळी रचना नव्याने मांडावी लागते. त्यात पीएसपीची डिस्क खेळताना फिरते, बॅटरी खाते, आणि वाचायला वेळ लावते. ओव्हर संपली की पोराला वाट पाहायला लावायची नसेल, तर पुढचं चित्र आधीच मेमरीत आणून ठेवावं लागतं.

चित्रपटाच्या परवान्याची दोन उदाहरणं याच काळातली आहेत, आणि दोन्ही शाहरुख खानच्या चित्रपटांची. ‘रा.वन’ २०११ च्या दिवाळीत आला. त्याचा खेळ ट्राइननेच केला, पीएस३ आणि पीएस२ साठी, आणि तो त्याच महिन्यात दुकानांत पोहोचला. ‘डॉन २’ चित्रपट डिसेंबर २०११ चा. गेमशास्त्रने केलेला त्याचा खेळ, जो पीएसपीवरही होता, तो आला २०१३ साली. तोवर लोकांच्या डोक्यातून चित्रपट उतरून गेला होता, आणि पीएसपीचेही दिवस सरत आले होते. तारीख पाळायची तर खेळ घाईत होतो आणि खेळाला वेळ द्यायचा तर तारीख निघून जाते. यातून सुटायचा एकच मार्ग, चित्रपटाची पटकथा लिहिली जात असतानाच खेळवाल्यांना बोलावून घेणं.

पुण्याची गोष्ट जास्त लांब पल्ल्याची आहे. गेमलॉफ्टचा तिथला स्टुडिओ २००८ साली युबिसॉफ्टने घेतला, तेव्हा तिथे सुमारे १२० माणसं होती. गेमलॉफ्टचा धंदाच मुळी मोठ्या कन्सोलवरची नावं परवान्याने घेऊन फोनवर उतरवण्याचा. नोकियाच्या सुरुवातीच्या जावा फोनवर पडदा १२८ बाय १२८ चा आणि सबंध खेळ ६४ किलोबाइटमध्ये बसवायचा. आज व्हॉट्सॲपवर आलेला एखादा फोटोसुद्धा याहून जड असतो. त्यात प्रत्येक फोनचा पडदा वेगळा, बटणं वेगळी, चुका वेगळ्या, म्हणून एकाच खेळाच्या ढीगभर आवृत्त्या कराव्या लागायच्या. फोनसाठी असे खेळ करणाऱ्या, मुंबईत विशाल गोंडल यांनी १९९९ मध्ये काढलेल्या इंडियागेम्सचाही त्या काळात मोठा वाटा होता. या कामावर बनवणाऱ्याचं नाव सहसा कुठे दिसलं नाही. पण या कामाने मोजूनमापून राहायची सवय लावली, आणि मला तिची किंमत फार वाटते.

पुण्याच्या सुपरगेमिंगकडे बांदाई नामकोच्या अधिकृत ‘पॅक-मॅन’ मोबाइल खेळाचं काम असल्याचं २०२१ साली जाहीर झालं. जगातल्या सर्वांत ओळखीच्या चेहऱ्यांपैकी एक, आणि त्याचा मोबाइलवरचा कारभार पुण्यात. त्याआधी वर्षभर, १८ ऑगस्ट २०२० ला, पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ सर्वांत आधी निन्टेन्डो स्विचवर आला. हातात धरूनही खेळता येणारं हे यंत्र, आणि आपल्या देशात तेव्हा त्याची अधिकृत विक्रीही नव्हती. राजीची नायिका कोणाकडून परवान्याने घेतलेली नाही. अविचल सिंह, श्रुती घोष आणि इयन मॉड यांनी ती स्वतः घडवली, २०१७ ची किकस्टार्टरवरची निधीची मोहीम फसल्यानंतरही काम सोडलं नाही, आणि पहाडी चित्रशैलीत रंगवलेलं तिचं जग ‘द गेम अवॉर्ड्स’च्या पदार्पणाच्या नामांकनापर्यंत गेलं. त्यांना यंत्राच्या मालकाची परवानगी तेवढी लागली.

मग फाफेसारख्या नायकाचं काय? कागदाच्या बाजूने पाहू. भागवत २००१ मध्ये गेले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क चालतो, म्हणजे २०६१ अखेरपर्यंत परवाना घेतल्याशिवाय फाफेच्या कथांवर खेळ करता येणार नाही. २०१७ च्या चित्रपटातला अमेय वाघचा चेहरा हवा असेल तर ती गोष्ट पुस्तकाच्या हक्कात येत नाही, तिच्यासाठी वेगळी बोलणी. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांच्या चित्रमालिकेतल्या ‘चिंटू’चं तसं नाही. तो चित्रातूनच जन्मला, त्याचे केस कसे उभे राहतात हे पहिल्यापासून ठरलेलं आहे.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या दोन तरतुदी इथे डोळ्यात तेल घालून वाचाव्यात. परवान्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच धरतात. खेळ करायला दोन वर्षं गेली तर विकायला तीनच उरली, आणि ऑनलाइन दुकानातून परदेशातल्या मराठी घरांत तो विकायचा हक्क तर मिळालेलाच नाही. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक भर घातली. हक्क कायमचा लिहून देताना जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं, ते नाव घेऊन लिहिलं नसेल तर त्या व्यवहारात धरलं जात नाही. म्हणून लेखकाच्या वारसांनी जुने करारनामे काढून पाहावेत. खेळांचे हक्क अजून त्यांच्याकडेच असण्याची शक्यता आहे.

तिसगावात बसून कोणाला हात साफ करायचा असेल तर ‘जीबी स्टुडिओ’ हे साधन २०१९ पासून फुकट मिळतं. त्यात प्रोग्रामिंग न शिकता गेम बॉयचा खेळ बांधता येतो आणि तो ब्राउझरमध्ये किंवा खऱ्या यंत्रावर चालवून पाहता येतो. सुरुवात स्वतःच्या नायकाने करावी, १६ बाय १६ ठिपक्यांत बसवून. तो दहा जणांना खेळायला द्यावा. त्यानंतर एखाद्या लेखकाच्या घरी जायचं तर हातात मिनिटभर खेळता येईल असा तुकडा असावा, आणि सोबत एक कागद, ज्यावर यंत्रं कोणती, मुदत किती, प्रदेश कुठला आणि खेळ तयार व्हायला किती महिने लागतील हे लिहिलेलं असेल. महिने मोजताना तपासणीतून खेळ एकदा परत येईल असं धरूनच मोजावेत.